उपरण्याखालचा आकडा

"निवड तुलाच करायची आहे," असं भागवत सर म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की निवड झालेली आहे. हॉल बुक झाल्यावर मुलीला पसंती विचारतात, तसला तो प्रश्न होता. पण मी खूश झाले. वर्षभरात पहिल्यांदाच कुणी मला काही निवडायला दिलं होतं.

आमचं ऑफिस सुप्याच्या एमआयडीसीत, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली ग्राइंडर सुरू झाला की वर मीटिंग थांबते. एकूण अकरा माणसं. भागवत सर मालक. पार्थ टीम लीड. तो रोज पुण्याहून येतो आणि रोज एकदा तरी सांगतो की तो पुण्याहून येतो. आणि मी सत्यशीला. नाव आजीचं, ऑफिसात त्याची सत्या झाली. माझ्याबरोबर शिकलेल्या बहुतेक मुली हिंजवडीला गेल्या. मी म्हटलं, मी नाही जाणार, आपल्या जिल्ह्यात बसून हेच काम करून दाखवते. गावातले लोक हसले. "सुप्याला कंपनीत जाती, पॅकिंगला असंल," असं अजूनही म्हणतात. त्यामुळे महिनाअखेरीला मिळणारं कायम झाल्याचं पत्र ही माझ्यासाठी नुसती नोकरीची गोष्ट नव्हती. मला ते गावातल्या प्रत्येक शहाण्याच्या नाकासमोर नाचवायचं होतं.

आम्ही जनावरांच्या बाजारातल्या पावत्यांचं सॉफ्टवेअर करतो. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात एका शेडखाली आमचं मशीन चाचणीसाठी बसवलं आहे. गाय विकली की पावती निघते: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, लसीकरणाची नोंद, विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, सौद्याचा आकडा. हे सगळं आमच्या सर्व्हरवर जातं आणि दुसरी सॉफ्टवेअरं येऊन त्याला प्रश्न विचारतात. सर्व्हर म्हणजे तहसीलची खिडकी समजा. कोण विचारतंय, कोणता कागद मागतंय, तो त्याला द्यायचा का, हे बघून उत्तर मिळतं. खिडकी नीट चालते का, भलत्याच्या हातात भलता कागद पडत नाही ना, हे आम्ही दिवसभर तपासत बसतो. त्यासाठी आमच्या संगणकावर जे साधन असतं त्याला एपीआय क्लायंट म्हणतात. त्यात आपणच प्रश्न लिहायचे, खिडकीवर पाठवायचे, आणि आलेली उत्तरं नमुने म्हणून जपून ठेवायची.

आमचं जुनं साधन एका सकाळी उघडलं तर म्हणालं, आधी खातं काढा, मग बोलू. म्हणून नवीन शोधायची वेळ आली. पार्थने चौदा ओळींचा तक्ता दिला आणि म्हणाला, "तीन टूल्स घे, मार्क दे, खाली सही कर. आपल्या पुण्याच्या क्लायंटला पाठवायचंय." पुण्याचा क्लायंट म्हणजे एक मोठी डेअरी कंपनी. त्यांना आमच्याकडून गाईंच्या लसीकरणाची माहिती हवी होती, तेवढाच करार होता.

तिसरं साधन पहिल्याच दिवशी दोनदा बंद पडलं, त्याचा विषय तिथेच संपला. राहिली दोन. एक मोठं, एक लहान. मोठं दिसायला देखणं. सगळं काम त्यांच्या दूरच्या सर्व्हरवर, सगळ्यांना सगळं दिसणार, एकमेकांच्या कामावर शेरे मारता येणार. पुण्याची कंपनी आधीपासून तेच वापरत होती. लहान साधन अगदी साधं. खातं नाही, लॉगिन नाही, लिहिलेलं सगळं आपल्याच संगणकावर साध्या फायलींमध्ये. पार्थच्या तक्त्यातल्या चौदापैकी सहा ओळी 'टीम'बद्दल होत्या. अशा तक्त्यात लहान साधन हरणारच.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही मोठंच आवडलं होतं. सोमवारी मी त्यात खातं काढलं. त्याने विचारलं, जुनं सगळं आत आणू का? मी म्हटलं आण. अर्ध्या मिनिटात माझे दोनशे चौदा प्रश्न आणि त्यांच्याबरोबरचे नमुने टूलमध्ये हजर. पार्थने मला पुण्याच्या कंपनीबरोबरच्या सामायिक जागेत घेतलं होतं, त्यामुळे ते थेट तिथेच जाऊन बसले. पार्थने अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं. मी मोठ्याला चौदापैकी तेरा ओळींत पहिला नंबर दिला आणि घरी जाऊन मस्त झोपले.

आता त्या नमुन्यांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील, अण्णा, म्हणजे सूर्यभान दलाल. घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं सौदे लावतात. त्यांच्या पद्धतीत आकडा तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, बोटं दाबूनच घासाघीस होते. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. अण्णांचं म्हणणं, विकणाऱ्याची गरज केवढी आहे हे बाजाराला कळलं की त्याची गाय अर्ध्यात गेली. आईने आयुष्यभर विचारलं, आज कितीला गेली हो? अण्णा म्हणतात, "गेली बाबा सुखाला."

सॉफ्टवेअर तपासायला खोट्या पावत्या लागतात. गेल्या वर्षी मी घरी बसून त्या तयार करत होते आणि अण्णा मागून डोकावले. मी लिहिलं होतं: गाय, दोनदाती, नवव्या वेताची. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आगं, दोनदाती गाय म्हंजी आत्ता कुठं पहिलटकरीन. नऊ येळा कवा व्याली? ही गाय न्हाई, चमत्कार हाय. दर्शनाला रांग लागंल."

"खोटीच आहे अण्णा. कुणाला काय कळतंय?"

"खोट्याला बी रीत असती. असली गाय बाजारात न्हाई खपायची."

आणि त्यांनी कपाटातून खऱ्या पावत्यांचा गठ्ठा काढून दिला. झालेल्या सौद्यांच्या, मोडलेल्या सौद्यांच्या, रद्द झालेल्या. "हे घे. पर फिरवू नको कुटं." पुढे मशीन बसल्यावर नव्या पावत्याही मी तशाच उचलत गेले. अशा एकसष्ट खऱ्या पावत्या माझ्या नमुन्यांत होत्या. आमच्याकडच्या माणसाला खोटी गाय सुचत नाही, याला मी काय करू? चूक ती चूकच. पण सोमवारी झोपताना ती माझ्या लक्षातही आली नव्हती.

शुक्रवारी मी मशीन बघायला घोडेगावला गेले. बाजार भरात होता. शेडपासून चार पावलांवर अण्णा उभे होते आणि त्यांच्याबरोबर छबूबाई, पाथर्डीकडच्या. पन्नाशीच्या, काटक, हातात गाईचं दावं. त्यांना मी ओळखत होते. तीन शुक्रवारांपूर्वी त्यांची पावती मीच काढली होती. त्या दिवशी त्या सकाळी सातपासून उन्हात उभ्या होत्या आणि शेवटी थकून एका कमी आकड्याला हो म्हणाल्या. घेणारा टेम्पो बघून येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. पावती रद्द झाली. छबूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं मेला गेला. एवढ्यात न्हाई भागायचं माझं."

त्यांना काय भागवायचं होतं तेही बाजाराला ठाऊक होतं, कारण ते त्या लपवत नव्हत्या. पंधरा वर्षं नवरा-बायको ऊसतोडीला जात होते. दसरा झाला की मुकादमाच्या टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. यंदा छबूबाईंनी घरात सांगून टाकलं होतं की कोयता हातात घेणार नाही. गाय विकायची, गावात पिठाची गिरणी टाकायची आणि दसऱ्याला टोळीची गाडी दारावरून रिकामी पाठवायची. गाईचे पुरेसे आले तर गिरणी, नाही आले तर पुन्हा कोयता. दसरा दोन आठवड्यांवर होता.

घेणारा होता गोरक्षनाथ. वेगवेगळ्या डेअऱ्यांसाठी गाई घेतो, चांगला माणूस आहे, अण्णांशी जुनी ओळख. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. सौद्यात अण्णांचा चेहरा भिंतीसारखा कोरा असतो. त्या दिवशी मात्र त्यांच्या भुवया हलल्या. त्यांनी पुन्हा बोटं दाबली. गोरक्षनाथने मान हलवली. आणि अण्णांनी हात बाहेर काढला. माझ्या उभ्या आयुष्यात अण्णांनी आधी हात काढलेला मी पाहिला नव्हता.

"ह्यो आकडा तुला कुनी दिला?" अण्णांनी हळू आवाजात विचारलं.

"कुनी म्हंजी? मी बोललो."

"तू न्हाई बोलला. धा-वीस रुपयाच्या बी फरकाशिवाय त्योच आकडा हाय. त्यो माझ्यात, बाईंच्यात आनि त्या पळपुट्यात होता."

गोरक्षनाथ ओशाळला. खिशातून फोन काढून म्हणाला, "सूर्यभानभाऊ, माझ्यावर काय घेऊ नका. पुण्याच्या डेअरीच्या हापिसातून आलंय. मंगळवारी पाठीवलं त्यांनी, की अशा अशा गाई फिरत्यात, बघून घ्या." त्याने फोन पुढे केला. मीही चार पावलं पुढे गेले होते. पडद्यावर चित्र होतं, मोठ्या साधनाचा तो देखणा गडद रंग, आणि वर नाव: सत्या टेस्ट, रद्द पावती, सतरा. खाली छबूबाईंचं नाव, बिल्ल्याचा नंबर, आकडा.

आजवर मला लाज वाटली आहे अनेकदा, इंग्रजी अडलं म्हणून, चप्पल साधी म्हणून. ती सगळी फुकटची लाज होती. खरी लाज काय असते ते मला त्या शेडपाशी कळलं.

"अण्णा, हे माझ्याकडून गेलंय," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उपरण्याची घडी घातली, खांद्यावर टाकली. "मला कशाला सांगती? तिला सांग."

मी छबूबाईंना सांगितलं. मावशी, तुमची रद्द पावती मी कामासाठी ठेवली होती, ती माझ्या मशीनमधून कंपनीकडे गेली, कंपनीकडून यांच्याकडे आली. चूक माझी आहे. 'सर्व्हर', 'सिंक' वगैरे एकही शब्द मी वापरला नाही, कारण ते शब्द तिथे फक्त लपायला कामाला आले असते.

छबूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी ह्यानं हात घालायच्या आधीच माझी मूठ उघडून बघितली व्हती?"

"हो."

"पंधरा वर्सं माझा आकडा मुकादमानं ठरिवला. आता मशीन ठरिवनार व्हय?"

गोरक्षनाथ मध्ये पडला. "मावशी, वाढवून देतो थोडं. बसून बोलू."

"न्हाई विकत." दावं त्यांनी मनगटाला गुंडाळलं. "माझी गाय हाय, माझ्या दावनीला ऱ्हाईल. पुढल्या शुक्रवारी येईन. तू न्हाई, दुसरं कुनी घेईल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तू गं. तवर तुझं ते नीट कर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला काम दिलं.

घरी पोचायची वाट न बघता मी एसटीतच लॅपटॉप उघडला आणि सामायिक जागेतले नमुने काढायला घेतले. मोठं साधन म्हणालं, काढलेल्या वस्तू तीस दिवस कचरापेटीत राहतील, कंपनीतल्या कुणालाही त्या परत आणता येतील. तीस दिवस! तोवर दसरा होऊन टोळी कारखान्यावर पोचली असती. माझं डोकं सटकलं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय झालं बाळा?" मी म्हटलं, "काही नाही, भांडण चाललंय." त्या म्हणाल्या, "सोडू नको."

मी नमुने काढलेच नाहीत. एकसष्टच्या एकसष्ट जागच्या जागी बदलले. नावं, नंबर, आकडे, सगळं. जुन्या नोंदींचा इतिहास पुसायचं एक बटण कुठेतरी खोल होतं, तेही शोधून दाबलं. नगर येईपर्यंत पुण्याच्या कंपनीच्या पडद्यावर अशा गाई उभ्या होत्या की ज्यांचे दात आले नव्हते पण नातवंडं झाली होती. मग दोन मेल टाकल्या. पहिली पुण्याला: तुमच्याकडे चुकून खऱ्या लोकांची माहिती आली होती, ती जिथे जिथे पाठवली तिथून काढा, आता तिथे आहे ते सगळं खोटं आहे. दुसरी मेल सरांना, की कराराप्रमाणे पुण्याला फक्त लसीकरण मिळायला हवं, आत्ता तपासलं तर सर्व्हरवरची सौद्यांची खिडकीही त्यांच्यासाठी उघडी राहिलेली दिसली, ती मी बंद करतेय. दुसरीच्या उत्तराची मी वाट पाहिली नाही. करारात होतं तेच करायला कसली परवानगी?

मग तक्त्यात पंधरावी ओळ घातली: 'आपलं लिहिलेलं राहतं कुठे?' शनिवारी पार्थने ती काढली. मी पुन्हा घातली. त्याने पुन्हा काढली. तिसऱ्यांदा मी ती सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर घातली, मार्क बदलले आणि तक्त्याच्या डोक्यावर रिपोर्टची एक ओळ लिहिली.

सोमवारी अकराला सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. टेबलावर दोन कागद. एक माझा तक्ता आणि दुसरं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र. उलटं असूनही माझं नाव मला वाचता येत होतं.

"रिपोर्टची पहिली ओळ काय लिहिलीस ही?" सरांनी चष्मा वर केला. "'चाचणीत मी खऱ्या लोकांच्या पावत्या वापरल्या, ही माझी चूक.' हे पुण्याचे लोक वाचणार आहेत."

"म्हणूनच लिहिलंय."

"मग टूलचा काय दोष?" पार्थ पुढे सरकला. "तूच म्हणतेस चूक तुझी. खरा डेटा तू टाकलास. टूलने फक्त त्याचं काम केलं."

हा मुद्दा बिनतोड होता आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला होता. "चूक माझीच. मी पुन्हाही चुकेन, तूही चुकशील. चुकणार नाही असा माणूस शोधायला आपण बसलेलो नाही. मला असं साधन पाहिजे की माझी चूक माझ्या टेबलावर राहील. अर्ध्या मिनिटात पुण्याला जाऊन पोचणार नाही."

खाली ग्राइंडर सुरू झाला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. सर पाणी प्यायले. आवाज थांबल्यावर मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि वायफाय बंद केलं. मोठं साधन उघडलं. मध्ये एक चकती फिरत राहिली आणि मग 'लॉगिन करा' अशी पाटी आली. लहान उघडलं. त्यातून माझ्याच लॅपटॉपवरच्या चाचणीच्या सर्व्हरला प्रश्न पाठवला, झटकन उत्तर आलं. "घोडेगावच्या शेडमध्ये दोन काड्या रेंज असते. बाजार भरला की तीही जाते. तिथे मशीन अडलं तर मी चकती फिरवत बसू का?"

सर हसले. त्यांना पटलं होतं. पटणं आणि करणं यांत पुण्याची कंपनी उभी होती, एवढंच.

"सत्या, असं कर," पार्थचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्या मशीनवर तू लहान वापर. आम्ही कुणी काही म्हणणार नाही. रिपोर्टमध्ये फक्त मोठ्याला पास कर. कोण बघतंय?"

"सही कुणाची आहे त्यावर?"

"तुझी."

"मग मी बघतेय."

भागवत सरांनी पत्र दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. त्यांना राग आला नव्हता, उलट जीव तुटत होता. "बाळ, दोन मिनिटांचं काम आहे. पहिली ओळ काढ, मार्क आधी होते तसे कर, सही कर आणि हे घेऊन घरी जा. अण्णांना पेढे दे. पुण्याचं काम गेलं तर अकरा जणांचं काय होईल, याचाही विचार कर."

त्या पत्रासाठी मी वर्षभर सकाळी सहाची एसटी पकडली होती. हात पुढे झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. पण तो पत्रावर न जाता तक्त्यावर गेला. लहानासमोर मी 'निवड' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि तक्ता सरांकडे सरकवला.

"हे माझं उत्तर आहे. तुम्हाला दुसरं पाठवायचं तर पाठवा, मालक तुम्ही आहात. फक्त त्याखाली माझं नाव नको."

सरांनी तक्ता बाजूला ठेवला. मग पत्राची घडी घातली आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. "अजून तीन महिने बघू," ते म्हणाले. ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. जिन्यावर येऊन मी रडले, आणि रडताना स्वतःचाच राग आला म्हणून आणखी रडले. मग तोंड धुऊन जागेवर बसले आणि लहान साधनात काम सुरू केलं.

पुढचा शुक्रवार. अण्णा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले होते. शेडपाशी गोरक्षनाथ आला, त्याच्या हातात फोन होता. "सूर्यभानभाऊ, ही गाय कुटं हाय हो? हापिसातून आलीय यादी. दोनदाती, नवव्या वेताची." पुण्यात माझी मेल कुणी वाचलेली दिसत नव्हती.

अण्णांनी फोन हातात घेतला, लांब धरून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, सात दिवसांत पहिल्यांदा. मिशीखाली त्यांचे ओठ थरथरत होते. "गोरख, ही गाय मला ठावं हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "हिच्या दर्शनाला रांग असती. तू आपला लाइनीत उभा ऱ्हा." भोवतीची माणसं खो खो हसली. गोरक्षनाथही हसला आणि फोन खिशात टाकून गाई डोळ्यांनी बघायला निघून गेला.

छबूबाई आल्या होत्या. गाय धुतलेली, शिंगांना तेल. राहुरीकडचा एक शेतकरी दोनदा गाईभोवती फिरला, सडं बघितली, दात बघितले. त्याच्याकडे कसलीच यादी नव्हती. अण्णांनी उपरणं टाकलं. दोन्ही हात आत गेले. अण्णांचा चेहरा भिंतीसारखा कोरा. बराच वेळ बोटं बोलत होती. एकदा शेतकऱ्याने हात काढून घेतला, चार पावलं गेला, परत आला. शेवटी अण्णांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. सौदा ठरला.

पावती करायला ते मशीनपाशी आले तेव्हा मी तिथल्या माणसाला बसवलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. हे काही नियमात नाही. मला तसंच उभं राहायचं होतं.

थोड्या वेळाने कुणीतरी माझा दंड धरला. छबूबाई. त्यांनी माझा उजवा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला. बायका सौद्यात हात घालत नाहीत, बाईची गाय असली तरी हात दलालाचाच असतो. अण्णांची मुलगी असून माझ्या बोटांना ती भाषा कधी कुणी लावली नव्हती, घरात कानावर पडली होती तेवढीच. छबूबाईंची बोटं कोयत्याने घट्टे पडलेली, खरखरीत. त्यांनी माझी बोटं एकदा दाबली, थांबल्या, पुन्हा दाबली. मला हिशेब लागायला जरा वेळ गेला. लागला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं.

"यंदा कोयता न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मोकळं दावं खांद्यावर टाकून चालू लागल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पार्थचा मेसेज. 'सर म्हणतायत, पुण्याच्या डेमोला एक तरी खरा सौदा हवा, खोट्या गाई बघून ते वैतागलेत. तू घोडेगावातच आहेस ना? एकच पाठव. पत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे.'

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी मेसेज वाचला की नाही मला माहीत नाही. माझ्या उजव्या मुठीत छबूबाईंच्या बोटांची ऊब अजून होती. ती मूठ मी तशीच मिटलेली ठेवली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने टाइप केलं: नाही.